आपलेच गोदाम, आपलीच कंपनी : भाडे घ्यावे का?



गावोगावी शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या आहेत. माल ठेवायला गोदाम लागते आणि गावातले बरे गोदाम बहुधा एखाद्या संचालकाचेच असते. मग पारावर कुजबुज सुरू होते, "हा तर आपल्याच कंपनीचं भाडं खातोय!" असे भाडे घेणे कायद्यात बसते का?

बसते. कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे. कंपनीची मालमत्ता सभासदाची नसते आणि सभासदाचे गोदाम कंपनीचे नसते. सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली बच्चा गुझदर खटल्यात हेच तत्त्व सांगितले. चहा कंपनीचे बरेचसे उत्पन्न शेतीचे होते, तरी भागधारकाचा लाभांश काही शेती-उत्पन्न ठरला नाही.

मात्र व्यवहार उघड हवा. त्यासाठी एवढे कराच :

1. गोदाम आपले आहे हे संचालक मंडळाच्या सभेत आधी सांगा आणि इतिवृत्तात लिहवून घ्या. कंपनी कायदा 2013, कलम 184 तसे सांगते. हितसंबंध लपवलात तर कंपनीला करार रद्द करता येतो.

2. कलम 188 प्रमाणे मंडळाचा ठराव घ्या. वर्षाचे भाडे उलाढालीच्या 10 टक्के किंवा जास्त होत असेल, तर सभासदांच्या सभेचीही मंजुरी सहसा लागते.

3. भाडे बाजारभावाने ठरवा. शेजारच्या दोन-तीन गोदामांचे दर कागदावर घ्या. अवाजवी भाडे दिले, तर जादा रक्कम आयकरात कंपनीचा खर्च म्हणून धरली जात नाही.

4. करार लेखी करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. कंपनीतर्फे सही दुसऱ्या संचालकाची असू द्या. दोन्हीकडे एकच सही बरी दिसत नाही.

5. भाडे बँकेतूनच घ्या. महिना 50,000 रुपयांच्या वर असेल, तर कंपनीने 10 टक्के कर कापून भरायचा असतो. आणि हे भाडे शेतीचे उत्पन्न नव्हे. ते आयकर विवरणात दाखवावे लागते.

हे कागद नसतील तर काय होते? पुढे मंडळ बदलते, नवे संचालक हिशेब मागतात आणि चांगल्या मनाने दिलेले गोदाम भांडणाचे कारण होते. त्यात कंपनीही बुडते आणि गावकीही तुटते.

करार करण्यापूर्वी सनदी लेखापालाला एकदा जरूर विचारा. भाडे घेण्यात लाज नाही, पण ते चारचौघांत ठरलेले असू द्या.