कुंपणानेच शेत खाल्ले तर?

शेत राखायला आपण कुंपण घालतो. पण कुंपणच शेत खाऊ लागले, तर दाद कुणाकडे मागायची? अमेरिकेत वेब्स्टर बिव्हेन्स नावाच्या माणसावर अशी वेळ आली.

बिव्हेन्स न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिन भागात राहत होता. २६ नोव्हेंबर १९६५ रोजी अंमली पदार्थांचा तपास करणारे केंद्र सरकारचे अधिकारी त्याच्या घरात शिरले. त्यांच्याजवळ वॉरंट नव्हते, असे बिव्हेन्सचे म्हणणे. त्यांनी बायकोमुलांसमोर त्याला बेड्या घातल्या. सगळ्यांनाच अटक करू, असा दम भरला. घराचा कानाकोपरा धुंडाळला. मग त्याला नेऊन कपडे उतरवून झडती घेतली. पुढे त्याच्यावरचा आरोप काढून टाकण्यात आला. पण गेलेली अब्रू परत कशी यायची?

वाजवी कारणावाचून झडती किंवा अटक करू नये, असे अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ पासून लिहिले आहे. हा हक्क मोडला तर भरपाई कशी मिळवायची, ते मात्र तिथे लिहिलेले नाही. राज्यांच्या पोलिसांवर दावा करण्यासाठी १८७१ चा कायदा होता. केंद्राच्या अधिकाऱ्यांसाठी तसा कायदा नव्हता.

तरीही बिव्हेन्सने दावा लावला. प्रत्येक अधिकाऱ्याकडून १५,००० डॉलर मागितले. खालच्या कोर्टांनी तो फेटाळला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. २१ जून १९७१ रोजी नऊपैकी सहा न्यायाधीशांनी ठरवले, की असा दावा चालू शकतो. न्यायालयाने त्याच्या हातात पैसे ठेवले नाहीत. आपले म्हणणे कोर्टात शाबीत करायची वाट दिली. न्यायमूर्ती हार्लन यांचे म्हणणे असे, की बिव्हेन्ससारख्याला एक तर भरपाई मिळेल, नाहीतर काहीच नाही. ते खरेच होते. ज्याच्यावर खटला चालतो, त्याच्याविरुद्धचा गैरमार्गाने मिळवलेला पुरावा कोर्ट बाजूला ठेवते. ज्याच्यावर खटलाच नाही, त्याला त्याचा काय उपयोग?

१९७९ आणि १९८० साली ही वाट थोडी रुंद झाली. १९७४ पासून मारहाण, बेकायदा अटक अशा काही बाबतींत खुद्द सरकारवरही दावा करता येतो. पण १९८० नंतर सर्वोच्च न्यायालयाने नव्या प्रकारच्या प्रकरणात असा दावा मान्य केलेला नाही. भरपाईची सोय करणे हे कायदेमंडळाचे काम, असे त्याने २०२२ साली पुन्हा बजावले. कायदेमंडळाने तसा कायदा अजून केलेला नाही.

म्हणून ध्यानात ठेवा : हक्क कागदावर असला म्हणजे झाले, असे नाही. तो मोडला तर कुणाचे दार ठोठवायचे, हेही ठरलेले असावे लागते.