नागसेनवनाची पोरं

संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, अलीकडे वीसेक किलोमीटरवर, जालना रोडला लागून करमाड आहे. गावाला स्टेशन आहे आणि ते निजामाच्या अमदानीतलं. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी ही गोदावरी खोऱ्याची लाईन १९०० च्या सुमारास सुरू झाली तेव्हा मीटरगेज होती. १९५० नंतर या गाडीत एक नवा उतारू दिसू लागला. हातात पत्र्याची पेटी, आत मॅट्रिकचं सर्टिफिकेट, आणि घराण्यात त्याच्याआधी कॉलेजची पायरी कुणीच चढलेलं नाही. जालना-परभणी-नांदेडकडच्या या पोरांना औरंगाबादला उतरायचं असे. करमाड गेलं की सामान आवरायला घ्यायचं.

ती चालली होती मिलिंद महाविद्यालयात.

मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ ला तो भारतात आला. तोवर इथल्या मुलाला पदवी हवी असेल तर हैदराबादची वाट धरावी लागे, आणि उस्मानिया विद्यापीठात शिकवणं चाले उर्दूतून. सवर्ण घरातल्या मुलालाही हे अवघड होतं; महारवाड्यातल्या किंवा मांगवाड्यातल्या पोराच्या तर ते स्वप्नातही नव्हतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, पुढच्या वर्षी सिद्धार्थ कॉलेज उभं केलं, आणि त्यानंतरच्या कॉलेजसाठी त्यांनी पुणं-नागपूर सोडून मागासातला मागास मुलूख निवडला. जून १९५० मध्ये औरंगाबादला वर्ग सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. परिसराला बाबासाहेबांनी बौद्ध भिक्खू नागसेनाचं नाव दिलं आणि कॉलेजला, पुढे, त्याला प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचं. मागे टेकडीत बौद्ध लेणी आहेत. जागा निवडणाऱ्याची नजर त्यांवरून नुसतीच फिरली असेल, असं मला वाटत नाही.

अमेरिकेतल्या काळ्या विद्यार्थ्यांच्या विद्यापीठांशी मिलिंदची तुलना पुष्कळदा होते आणि ती सगळीच गैर नाही. फिस्क, हॉवर्ड, मोरहाउस ही नावं १८६६-६७ ची, म्हणजे गुलामी संपल्याबरोबरची. गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारं बंद होती म्हणून ती निघाली. मेरीलँडच्या लॉ स्कूलमध्ये काळ्यांना जागा नव्हती, म्हणून थर्गुड मार्शल हॉवर्डला गेले आणि १९३३ मध्ये वकील होऊन बाहेर पडले. दोनच वर्षांनी त्याच लॉ स्कूलविरुद्ध एका काळ्या विद्यार्थ्याचा खटला त्यांनी जिंकून दाखवला. मार्टिन ल्यूथर किंग मोरहाउसचे. ज्या काळ्या विचारवंत डू बॉइस यांना आंबेडकरांनी १९४६ मध्ये पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे जाणाऱ्या निग्रोंच्या अर्जाची प्रत मागितली, ते फिस्कचे.

फरक मात्र मोठा आहे. मिलिंदच्या दारावर कुणाच्याच जातीची पाटी नव्हती. बाबासाहेबांनी ते सगळ्यांसाठी काढलं, प्राध्यापकही सगळ्या जातींचे घेतले. सुरुवातीच्या काळातले प्राचार्य म. भि. चिटणीस जन्माने कायस्थ; त्यांनी दलितांच्या हालांवर ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिलं. ते कॉलेजच्या पोरांनी बसवलं आणि ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षेच्या जनसागरापुढेही त्याचा प्रयोग झाला. दार उघडं होतं; दलित मुलाला अडवत होती ती भूक, फी आणि राहायची गैरसोय. म्हणून मिलिंदचा खरा कणा वसतिगृह होता. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात असताना, १९४४ मध्ये, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली होती. ती आली की मेसचं बिल भागे, नाही आली की उधारी. वर्गात अभ्यास आणि खोलीत रात्रभर वाद, अशी इथली दुहेरी शाळा.

या मुलांचं पुढे काय झालं? बहुतेक जण मास्तर झाले, कारकून झाले, टपालात, बँकेत, तहसिलीत लागले. नामवंतांच्या यादीत ही माणसं दिसत नाहीत, पण मला मिलिंदची मोठी कमाई हीच वाटते. एका पगारावर गावाकडचं कर्ज फिटलं, धाकटा भाऊ शिकला, बहिणीचं लग्न झालं, आणि वतनाची कामं करायला घरात कुणी उरलं नाही. गावाला नेमकं हेच खुपलं. ते पुढे येईलच. आणखी एक गाठ होती. धर्मांतरानंतर पोरं कागदावर ‘बौद्ध’ लिहू लागली. महाराष्ट्राने आपल्या पातळीवर त्यांच्या सवलती चालू ठेवल्या, पण केंद्राच्या नोकऱ्यांत बौद्धांना अनुसूचित जातीचा हक्क १९९० मध्ये मिळाला. तीसेक वर्षं या तरुणांपुढे सवाल होता की अर्जात खरं लिहायचं की नोकरी घ्यायची.

काहींनी लिहिणंच हाती घेतलं. साठच्या दशकात डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेतून डॉक्टरेट करून परतले आणि मिलिंदचे प्राचार्य झाले. तिकडच्या काळ्या लेखकांची ओळख त्यांनी बरोबर आणली. त्यातला लँग्स्टन ह्यूज लिंकन विद्यापीठाचा पदवीधर, राल्फ एलिसन टस्कीगीत शिकलेला. म्हणजे तिकडच्या ‘आपल्या’ कॉलेजांतली पोरं इकडच्या पोरांना वाचायला मिळाली. मराठीचे प्राध्यापक गंगाधर पानतावणे यांनी याच वातावरणात, साठच्या दशकाच्या अखेरीस, ‘अस्मितादर्श’ सुरू केलं. दलित साहित्याचं पहिलं संमेलन १९५८ मध्ये मुंबईत भरलं होतं हे खरं, पण त्या साहित्याला नेमाने निघणारा अंक आणि कडक संपादक मिळाला तो औरंगाबादेत. पानतावण्यांनी तो जवळजवळ पन्नास वर्षं चालवला. खेड्यातल्या शिक्षकाच्या पहिल्या कवितेला त्यांचं पोस्टकार्ड जाई. २०१८ मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ते गेले. पीपल्सच्याच औरंगाबादच्या दुसऱ्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारे प्र. ई. सोनकांबळे यांनी ‘आठवणींचे पक्षी’ लिहिलं. दलित आत्मकथनांच्या पहिल्या फळीतलं हे पुस्तक. त्यात आवाज चढत नाही, म्हणून ते जास्त लागतं.

मग आला नामांतराचा लढा. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये निघालं, नागसेनवनाच्या शेजारीच. त्याला बाबासाहेबांचं नाव द्या ही मागणी सत्तरच्या दशकात जोर धरू लागली. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने ठराव केला आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली. त्यात मारल्या गेलेल्या पोचीराम कांबळेंचं नाव आजही घेतलं जातं. हे सगळं नावावरून झालं असं म्हणणं मला भाबडेपणाचं वाटतं. गावात जी चीड साठली होती ती शिकून परतलेल्या पोरावर होती, त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर, त्याच्या नोकरीवर, त्याने हात लावायला नकार दिलेल्या कामांवर. मिलिंदची मुलं मोर्च्यांत पुढे होती, तुरुंगातही गेली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. ठरावापासून साडेपंधरा वर्षं.

सगळंच गोड नाही. संस्थेच्या विश्वस्तांचे वाद कोर्टकचेरीत वर्षानुवर्षं चालले. पैसेवाल्या संस्था शहरभर उभ्या राहिल्या आणि मराठवाड्यातल्या हुशार मुलाची पहिली पसंती आता मिलिंद उरलेली नाही.

मिलिंदच्या पदवीधरांत सगळ्यांत परिचित नाव सुखदेव थोरात यांचं. अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यातून येऊन त्यांनी मिलिंदमधून बी.ए. केलं, पुढे जेएनयूमध्ये अर्थशास्त्र शिकवलं आणि २००६ ते २०११ विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष राहिले. दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना कसं वागवलं जातं, याची चौकशी करणाऱ्या समितीचे ते प्रमुख होते. पण मला त्यांचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. पॉल अ‍ॅटवेल या संशोधकाबरोबर त्यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना अर्ज धाडले. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फक्त आडनाव वेगळं: काही उच्चवर्णीय, काही दलित, काही मुस्लिम. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आला. दलित आणि मुस्लिम नावांना कंपन्यांकडून बोलावणं कमी येत होतं. पदवी मिळाली की काम भागलं, या मिलिंदच्या पहिल्या पिढीच्या भरवशालाच मिलिंदच्या एका पदवीधराने हा आकडेवारीचा प्रश्न लावला.

तो प्रश्न करमाडच्या वेशीवर उभा आहे. शेजारच्या शेंद्र्यात २००१ मध्ये स्कोडाचा कारखाना आला, पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेसाठी करमाड-लाडगावच्या शिवारातली जमीन गेली आणि तिथे ऑरिक सिटी उभी राहत आहे. या कंपन्यांत आरक्षण नाही आणि पुष्कळ कामं कंत्राटदारामार्फत मिळतात. पेटी घेऊन पुढे औरंगाबादला उतरलेल्या त्या पोरांचे नातू आता करमाडलाच उतरतात, पाठीवर सॅक, फाइलीत पदवी, आणि अर्जावर आडनाव पहिल्या ओळीत.