सोबत्याच्या शीलाचे गुप्त दप्तर

जैन परंपरेत ज्ञानबाजीचा, म्हणजे बहुधा ८४ घरांच्या सापशिडीचा, पट पूर्वापार प्रचारात होता. कोणत्या दोषाने अधोगती व कोणत्या गुणाने उन्नती, हे त्याच्या घराघरांवर उघड लिहिलेले असे.

संगणकीय खेळांत गुणदोषांचा हा जमाखर्च पुष्कळदा दप्तरबंद राहतो. बायोवेअरच्या ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’मध्ये (२००९) सोबत्याची मर्जी उणे १०० ते अधिक १०० या मापावर खेळाडूस दिसते, परंतु बहिणीच्या भेटीत निराश झालेल्या अ‍ॅलिस्टर या सोबत्याला, जो तो आपलाच स्वार्थ पाहतो, असा उपदेश करून पुढील संभाषणात तो दृढ केला, तर त्याचे मन कठोर झाल्याची जी नोंद आज्ञावलीत होते, ती पडद्यावर कोठेही प्रकट होत नाही, आणि तरीही सिंहासनाविषयीची त्याची वृत्ती तिने पालटते.

ही गुप्तता मोलाची आहे. कारण आकडा डोळ्यांसमोर असता मनुष्य केवळ मर्जी संपादन करू पाहतो, तर तो दृष्टीआड असता, आपल्या शब्दाने दुसऱ्याचे शील घडते या जाणिवेने, त्यास सोबत्याचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकावे लागते.