नदीचं कुंपण

ब्राझाव्हिलहून उत्तरेला बाटेके पठारावर तीनेक तास गाडी चालली की गवताळ टेकड्यांमधून नदीकाठच्या जंगलाचे गर्द पट्टे दिसू लागतात. काँगो प्रजासत्ताकातलं हे लेसिओ-लूना अभयारण्य. पश्चिमी सखल प्रदेशातला गोरिला नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. शिकारी मांसासाठी आईला मारतात आणि पिल्लू विकायला काढतात. जप्त झालेली अशी पोरकी पिल्लं इथे वाढवून पुन्हा जंगलात सोडतात.

गोरिलाला पोहता येत नाही, त्यामुळे इथे नदीच कुंपणाचं काम करते. आम्ही मोटारबोटीने निघालो. प्रवाहाला ओढ जबर. काठच्या ताडावर पांढरंकाळं गिधाड बसलं होतं. नाव गिधाडाचं, पण त्याचा मुख्य आहार ताडाची फळं. पाणघोड्यांसाठी नावाडी वळणावळणाला वेग कमी करत होता.

एका बेटाजवळ इंजिन बंद झालं. रक्षकाने घशातून ढेकरेसारखा खर्जातला आवाज काढला. गोरिला खाताना एकमेकांना असाच हुंकार देतात; ‘सगळं ठीक आहे’ असा त्याचा अर्थ. झुडपं हलली आणि रुपेरी पाठीचा नर काठाशी येऊन बसला. रक्षकाने बोटीतूनच फळ फेकलं, त्याने ते एका हाताने अलगद झेललं. त्याचं मनगट माझ्या पोटरीएवढं जाड, पण साल सोलताना बोटांत कमालीची नजाकत. त्याच्याकडे रोखून पाहू नका, तो त्याला आव्हान समजतो, अशी ताकीद आम्हाला आधीच मिळाली होती.

खरं कौशल्य आहे ते रक्षकांचं. लहानग्याला बाटलीने दूध पाजायचं, कुशीत घ्यायचं, रोज जंगलात नेऊन पाला-फळं ओळखायला शिकवायचं. मग तेच पिल्लू मोठं होऊ लागलं की हळूहळू स्वतःला त्याच्यापासून तोडायचं. माणसाचा लळा सुटला नाही, तर ते जंगलात टिकत नाही. 2004 मध्ये इथे जंगलात सोडलेल्या मादीला पिल्लू झालं, तेव्हा या कष्टांना फळ आलं. मादी साधारण चार-पाच वर्षांतून एकदाच विते, म्हणून एकेक पिल्लू मोलाचं.

आपली साधी सर्दीही गोरिलाच्या जिवावर बेतू शकते. तेव्हा आफ्रिकेत गोरिला बघायला जाणार असाल, तर आजारी असताना जाऊ नका, मास्क लावा आणि अंतर राखा. गोरिलाच्या पिल्लाला कडेवर घेऊन फोटो काढू देणाऱ्या ठिकाणी तर पाऊलही टाकू नका.