मैल, पॉइंट आणि मूल्य : दोन क्रेडिट कार्डांतील निवडीचा विचार

क्रेडिट कार्डासारखा विषय या पत्रिकेत पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु परिषदेसाठी अथवा संशोधनासाठी ज्यांना पदरमोड करून विमानप्रवास करावा लागतो, त्यांच्यापुढे हल्ली हा प्रश्न वारंवार येतो : बँकेचे उंची प्रवासकार्ड घ्यावे, की एखाद्या विमान कंपनीशी जोडलेले कार्ड घ्यावे? पहिल्यावर खर्चाच्या प्रमाणात बँकेचे ‘पॉइंट’ जमा होतात व ते अनेक विमान कंपन्यांच्या योजनांत वळवता येतात. दुसऱ्यावर त्या एकाच कंपनीचे ‘मैल’ मिळतात. प्रश्न व्यवहारातला खरा. पण त्याच्या मुळाशी असलेली ‘मूल्य’ ही संकल्पना भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला परकी नाही.

सोस्यूरच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत नाण्याचा एक सुपरिचित दृष्टान्त आहे. पाच फ्रँकच्या नाण्याचे मूल्य समजायचे, तर त्याच्या बदल्यात पावासारखी एखादी भिन्न वस्तू किती मिळते हे पाहावे लागते आणि दुसऱ्या नाण्यांशी त्याची तुलना कशी होते हेही पाहावे लागते. शब्दाचेही तसेच, असे त्याचे प्रतिपादन. मैल व पॉइंट यांना हीच कसोटी लावू. त्यांच्या बदल्यात तिकीट कोणते मिळते, आणि एका योजनेतून दुसऱ्या योजनेत जाताना त्यांचे प्रमाण काय राहते, या दोहोंवर त्यांचे मूल्य अवलंबून आहे. केवळ संख्येवरून काहीच कळत नाही.

‘मैल’ या शब्दाचा प्रवास या दृष्टीने उद्बोधक आहे. अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने १९८१ साली आपली योजना सुरू केली, तेव्हा मैल म्हणजे प्रवाशाने खरोखरीच उडून काटलेले अंतर होते. पुढे कार्डावरील खरेदीवरही मैल मिळू लागले. २०१५ साली डेल्टा व युनायटेड या कंपन्यांनी, व २०१६ साली स्वतः अमेरिकन एअरलाइन्सने, प्रवासाचे मैल मुख्यतः भाड्याच्या रकमेवर मोजण्यास प्रारंभ केला. शब्द तोच राहिला, अर्थातले अंतर मात्र गळून गेले. अर्थसंकोच, अर्थविस्तार यांची उदाहरणे देताना आपण सहसा शतकांचा हिशेब करतो. येथे चार दशकेही लागली नाहीत.

पण दृष्टान्त एका ठिकाणी अपुरा पडतो. भाषेतील मूल्य समाज ठरवतो. कोणा एका व्यक्तीला ते बदलता येत नाही. मैलाचे मूल्य मात्र तो देणारी कंपनी एकतर्फी बदलू शकते, आणि कंपनी स्वतःच नाहीशी होऊ शकते. मुंबईत मुख्यालय असलेल्या जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. तिची मैलयोजना वेगळ्या नावाने चालू राहिली, तरी ज्या विमानांतील आसनांसाठी लोकांनी मैल साठवले होते ती विमाने उरली नाहीत. विस्तारा ही कंपनी १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. तेथे पॉइंट नव्या योजनेत वर्ग झाले, पण ते स्वीकारण्यावाचून सभासदांना पर्याय नव्हता.

यावरून बँकेचे पॉइंट सुरक्षित, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाच्या सर्वसाधारण धारकांना पूर्वी पाच पॉइंटांचे चार मैल मिळत. सप्टेंबर २०२३ पासून पाचांचे दोनच मिळू लागले. साठा तेवढाच, मूल्य निम्मे. बँकेच्या पॉइंटांचा खरा लाभ एवढाच की निर्णय लांबणीवर टाकता येतो. एकदा ते विमान कंपनीकडे वळवले, की सामान्यतः परत आणता येत नाहीत.

आता हिशेब पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. उंची कार्डाचे वार्षिक शुल्क १२,५०० रुपये. १८ टक्के करासह १४,७५०. विमान कंपनीच्या कार्डाचे शुल्क १,५००, करासह १,७७०. पहिल्यावर शंभर रुपयांस दोन पॉइंट, दुसऱ्यावर एक मैल, आणि प्रत्येकाचे मूल्य एक रुपया मानू. दरमहा चाळीस हजार खर्च करणाऱ्या कुटुंबाचा वर्षाचा खर्च ४,८०,००० होतो. उंची कार्डावर ९,६०० रुपयांचा लाभ, म्हणजे शुल्क वजा जाता ५,१५० रुपयांचा तोटा. दुसऱ्यावर ४,८०० रुपयांचा लाभ, म्हणजे निव्वळ ३,०३० रुपये हाती. दोन्ही कार्डे बरोबरीस येण्यास वर्षाला १२,९८,००० रुपये खर्च व्हावा लागतो. विमानतळावरील विश्रामकक्ष, विमा इत्यादी सोयींची भर घालावी. मात्र त्या फुकट नसत्या तर आपण पैसे देऊन घेतल्या असत्या काय, असे स्वतःस विचारून मगच घालावी.

तात्पर्य, ज्याचा प्रवास बहुधा एकाच मार्गाने होतो, त्या मार्गावर एकाच कंपनीची विमाने सोयीची आहेत आणि खर्च बेताचा आहे, त्याने त्या कंपनीचे कार्ड घ्यावे. ज्याचा खर्च मोठा, परदेशप्रवास वारंवार, गन्तव्ये अनेक आणि तारखा लवचीक, त्याला उंची कार्ड शोभेल. वर्षातून एकदा, तेही विद्यापीठाने काढून दिलेल्या तिकिटावर जाणाऱ्यास दोहोंपैकी एकाचीही गरज नाही.

दोघांनाही लागू असे दोन नियम शेवटी सांगितले पाहिजेत. देयक दरमहा पूर्ण फेडावे. थकबाकीवर आपल्याकडे बहुधा महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते आणि त्यापुढे दोन टक्क्यांचा लाभ टिकत नाही. आणि मैलांना ठेव समजून साठवू नये. वापरात नसलेल्या शब्दाचा अर्थ हळूहळू पुसट होतो; न वापरलेल्या मैलाचा मात्र एका परिपत्रकाने होतो.