शाळा, पदविका, पदवी : अभ्यासक्रमांचा सांधा

संकल्पना

अभ्यासक्रमांची संलग्नता म्हणजे शिक्षणाच्या एका टप्प्याचा शेवट आणि पुढच्या टप्प्याचा आरंभ यांत ठरवून साधलेला मेळ. पुढचा शिक्षक काय गृहीत धरणार हे मागच्या शिक्षकाला ठाऊक असावे आणि अखेरीस ज्या कामावर विद्यार्थी रुजू होणार त्याची गरज दोघांनाही ठाऊक असावी, एवढाच तिचा अर्थ. प्रवेशाची पात्रता ही निराळी गोष्ट. पात्रतेचा नियम विद्यार्थ्याला वर्गात आणून बसवतो. तिथे चाललेले त्याला उमगेल की नाही, हे आधीच्या अभ्यासक्रमावर ठरते. महाराष्ट्रातील तंत्रशिक्षणात पात्रतेच्या वाटा बऱ्याच आधी जोडल्या गेल्या. अभ्यासक्रम मात्र तितके जुळले नाहीत.

पार्श्वभूमी

कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिफारस केलेल्या आकृतिबंधात दहावीनंतरच्या दोन वर्षांना व्यवसायशिक्षणाचे मोठे अंग असावे, अशी अपेक्षा होती. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिला आकडा दिला : उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९०पर्यंत आणि २५ टक्के १९९५पर्यंत व्यवसाय-अभ्यासक्रमांकडे वळावेत. राज्यात ‘किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम’, म्हणजे एमसीव्हीसी, याच धोरणानंतर आले. पुढे २०२०च्या धोरणाने, बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजाचा आधार घेत, १९ ते २४ वयोगटातील श्रमिकांपैकी औपचारिक व्यवसायशिक्षण मिळालेले पाच टक्क्यांहूनही कमी असल्याचे नोंदवले. आपल्याकडे दहावीनंतरच्या या दोन वर्षांना ‘ज्युनिअर कॉलेज’ म्हणतात आणि ती बहुतेकांच्या लेखी पदवीपूर्व तयारीचीच राहिली.

जोडलेल्या वाटा

दहावीनंतर तीन वर्षांची पदविका पूर्ण करणाऱ्यास अभियांत्रिकी पदवीच्या थेट द्वितीय वर्षात प्रवेश घेता येतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा, म्हणजे आयटीआयचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम किंवा बारावी विज्ञान उत्तीर्ण झालेल्यास, विहित अटींवर, पदविकेच्या दुसऱ्या वर्षात जाता येते. याशिवाय अकरावी-बारावीत द्विलक्षी विषय आहेत : इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र, पीकशास्त्र इत्यादी, प्रत्येकी २०० गुणांचे. हेतू हाताला कौशल्य देण्याचा. पण हे विषय अनेकदा घेतले जातात ते गुण चांगले पडतात म्हणून.

गणिताचा सांधा

थेट द्वितीय वर्षातील विद्यार्थ्यांची खरी परीक्षा ‘एम-थ्री’, म्हणजे अभियांत्रिकी गणित-३, या विषयात होते. पदवीच्या पहिल्या वर्षी आंशिक विकलन, बहुविध संकलन, आव्यूहांची आयगेन मूल्ये असे घटक शिकवले जातात. दुसऱ्या वर्षी येणारी लाप्लास व फूरिए रूपांतरे याच पायावर उभी असतात. पदविकेचे गणित मुख्यतः विकलन, संकलन आणि प्रथम कोटीच्या विकलक समीकरणांपर्यंत पोहोचते. थेट प्रवेशामुळे पदवीचे पहिले वर्ष वगळले जाते आणि मधले घटक या विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतच नाहीत. विद्यार्थ्याची कुवत कमी असते असे नव्हे. त्याला ते कोणी शिकवलेलेच नसते.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. पदविकाधारकाने आरेखन केलेले असते, कार्यशाळेत लेथवर काम केलेले असते, उद्योगातील प्रशिक्षणही घेतलेले असते. बारावीहून आलेल्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकी आरेखन प्रथमच भेटते ते पदवीच्या पहिल्या वर्षी. एकाच बाकावरील दोघांच्या उणिवा परस्परपूरक असतात, पण वेळापत्रक दोघांना एकसारखेच वागवते. पदविकेच्या अंतिम वर्षात ऐच्छिक गणित आणि पदवीच्या आरंभी काही आठवड्यांचा सेतू अभ्यासक्रम, हे त्यावरचे साधे उपाय. त्यांसाठी नवे धोरण लागत नाही. दोन अभ्यासमंडळांची एकत्र बैठक लागते.

प्रवेशपरीक्षेचा प्रभाव

बारावीनंतर अभियांत्रिकी प्रवेशासाठी द्यायच्या एमएचटी-सीईटीत बारावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे ८० टक्के आणि अकरावीला सुमारे २० टक्के भार असतो. त्यामुळे अकरावी दुर्लक्षित राहते. परीक्षा बहुपर्यायी असल्याने सिद्धता लिहिण्याचा सराव मागे पडतो, आणि महाविद्यालय व खासगी शिकवणी एकत्र चालवणाऱ्या ‘इंटिग्रेटेड’ वर्गांच्या प्रथेत प्रयोगशाळाही. कागदावरील अभ्यासक्रम कितीही जुळवला तरी विद्यार्थी प्रत्यक्षात काय शिकतो, हे पुष्कळ अंशी ही परीक्षा ठरवते.

श्रेयांकांची व्यवस्था

२०२३च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शालेय, व्यावसायिक व उच्च शिक्षण एकाच मापाने मोजण्याची सोय केली. वर्षाचे १२०० अध्ययनतास म्हणजे ४० श्रेयांक. आराखड्याच्या स्तरांत दहावी तिसऱ्या स्तरावर, बारावी चौथ्या. हे श्रेयांक अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये साठवता येतात. यातून आयटीआयमधील तासांना पुढे मोल मिळू शकते. तथापि श्रेयांक किती तास शिकले हे सांगतो. त्या तासांत लाप्लासपूर्वीचे गणित होते की नाही, हे सांगत नाही.

मर्यादा

बारावीचा अभ्यासक्रम राज्य मंडळाकडे, पदविकेचा तंत्रशिक्षण मंडळाकडे, पदवीचा विद्यापीठ किंवा स्वायत्त महाविद्यालयाकडे आणि आयटीआयचा केंद्रीय यंत्रणेकडे. प्रत्येकाची पुनर्रचना आपापल्या सवडीने होते, आणि एकाने घटक गाळला की पुढच्याचे गृहीतक नकळत चुकते. अतिसंलग्नतेचाही धोका आहे : एखाद्या कारखान्याच्या आजच्या यंत्राला बेतून घेतलेला अभ्यासक्रम ते यंत्र बदलताच कालबाह्य होतो, आणि दहावीतच वाट निवडलेल्याला ती बदलणे अवघड जाते. सेतू अभ्यासक्रम शिकवण्याचे काम पुष्कळ ठिकाणी तासिका तत्त्वावरील शिक्षकाकडे येते. मागचा आणि पुढचा, दोन्ही अभ्यासक्रम वाचण्याचे मानधन त्याला मिळत नाही.