रो-रो बोट चालते कशी, आणि तिच्यात बसतं कोण?

कडेगावला समुद्र नाही. तरी इथल्या तरुणांनी रो-रो बोटीची माहिती घ्यावी असं आम्हाला वाटतं. एक कारण नोकरीचं, दुसरं महाडचं.

रो-रो म्हणजे क्रेन न लावता गाडी चाकांवरच आत जाते आणि चाकांवरच बाहेर येते अशी बोट. भाऊचा धक्का ते अलिबाग तालुक्यातलं मांडवा अशी सेवा १५ मार्च २०२० रोजी सुरू झाली, कोरोनामुळे लगेच थांबली आणि ऑगस्टमध्ये पुन्हा चालू झाली. ग्रीसमध्ये बांधलेली ही बोट साधारण पाचशे प्रवासी आणि शंभराहून जास्त गाड्या नेते. रस्त्याने तीन-चार तासांचा फेरा पडतो, बोटीने तासाभरात काम होतं.

खरं काम समुद्रात नाही, धक्क्यावर आहे. भरती-ओहोटीने पाण्याची पातळी काही मीटर वर-खाली होते, त्यामुळे रॅम्पचा उतार दर फेरीला वेगळा. जड गाड्या मधल्या पट्ट्यात, हलक्या कडेला, दोन्ही बाजूंना वजन सारखं. तरीही बोट कलली तर टाक्यांतलं पाणी इकडचं तिकडे करून ती सरळ करतात. हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची, चाकाला ओट लावायची आणि प्रवाशांना वर पाठवायचं. हे सगळं थोड्या वेळात आटपावं लागतं, कारण बोट धक्क्याला उभी असते तेवढा वेळ कमाई बंद.

माणसांना वर पाठवण्यामागे कारण आहे. गाड्यांचा मजला सलग असतो, मध्ये भिंती नसतात. तिथे पाणी शिरलं की ते एका बाजूला धावतं आणि बोट उलटते. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झीब्रुग बंदराबाहेर ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ अशीच उलटली आणि १९३ माणसं गेली. पुढचा दरवाजा उघडाच राहिला होता. तो बंद करणारा खलाशी झोपला होता, पण दरवाजा उघडा आहे हे कप्तानाला कळेल असा साधा दिवाही बसवलेला नव्हता. चौकशीने खलाशावर आणि अधिकाऱ्यांवर ठपका ठेवलाच, शिवाय तो कंपनीच्या वरच्या खुर्चीपर्यंत नेला. आपल्याकडे अपघातानंतर बहुतेक वेळा खालचाच माणूस निलंबित होतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता वेगाचं. मांडव्याची बोट १४ नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी सुमारे २६ किलोमीटरने जाते. मुंबई–जयगड–विजयदुर्ग मार्गासाठी २०२५ मध्ये जाहीर झालेली बोट २५ नॉटची. पाण्यात वेग दुप्पट करायचा तर इंजिनाची ताकद ढोबळमानाने आठपट लागते. इंधन त्याच मानाने जळतं आणि ते तिकिटात येतं. या मार्गाचे जाहीर झालेले दर माणशी २,५०० रुपयांपासून सुरू होत होते. शिमग्या-गणपतीला गावी जाणाऱ्या मजुराला ते कसे परवडावेत?

नोकरीचं थोडक्यात. खलाशी व्हायला ‘जनरल पर्पज रेटिंग’ हा सहा महिन्यांचा कोर्स आहे. दहावी पास, एकूण आणि इंग्रजीत किमान ४० टक्के, वय साडेसतरा ते पंचवीस. नजर चांगली हवी, रंगांधळेपणा चालत नाही. संस्था नौवहन महासंचालनालयाच्या मान्यतेची आहे का, हे पैसे भरण्याआधी बघा. बोटीवर लावून देतो म्हणून पैसे मागणं बेकायदा आहे, मागणारा ओळखीचा असला तरी.

आणि महाड. १९०१ साली लहानग्या भीमरावाला आपल्या शेजारच्या मसूर स्टेशनवर बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडं देऊन भावंडांनी ती स्वतः हाकली, गाडीवान बाजूने चालला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेला निघताना बाबासाहेबांनी हा अनुभव हिशेबात धरला असावा. धरमतरचा रस्ता जवळचा होता, पण मोटारवाल्यांनी बहिष्कार टाकला तर काय करायचं? म्हणून दोनशेहून अधिक प्रतिनिधींसह ते ‘पद्मावती’ बोटीने निघाले आणि सावित्री नदीवरच्या दासगावला उतरले. तिथून महाड पाच मैल. वेळ आलीच तर चालत जाता येईल इतकं. त्याच सावित्रीच्या खाडीत आज वेसवी–बागमांडला फेरी गाड्या वाहून नेते. कुंभार्ली घाट उतरून आंबडव्याला जाणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करून ती जरूर बघावी.

आज बोटीवर जात विचारत नाहीत, भाडं विचारतात. २० मार्च २०२७ ला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतात, २५ डिसेंबरला मनुस्मृती दहनाला. या दोन्ही वेळी मुंबईहून हजारो माणसं रायगडात उतरतील आणि महामार्ग तुंबेल. त्या दिवसांत मांडवा मार्गावर जादा फेऱ्या, पायी प्रवाशांना सवलतीचं तिकीट आणि मांडव्याहून महाडपर्यंत जोड एसटी हवी, अशी आमची मागणी आहे. महाराष्ट्र सागरी मंडळ आणि एसटी महामंडळ या दोघांकडे निवेदनं वेगवेगळी द्यावी लागतील. तालुक्यातल्या मंडळांनी ती आताच द्यावीत. गाड्यांचं आणि फेऱ्यांचं नियोजन महिनाभर आधी सांगून होत नाही.